बोटीवरचे भूत आणि जमिनीवरचा वाचक

जहाजावर घडणाऱ्या भयकथेचा वाचक बहुधा समुद्रापासून लांब राहतो. महाराष्ट्रात तर फारच लांब. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात, पुलगावला लागून असलेले नाचणगाव मुंबईच्या किनाऱ्यापासून रेल्वेने सातशे किलोमीटरहून अधिक आत आहे. तिथे पाणी म्हणजे वर्धा नदी आणि होडी म्हणजे ढिवराचा डोंगा. डेक, केबिन, इंजिनरूम हे शब्द पुस्तकातून आणि पडद्यावरून आलेले. अशा गावात बोटीवरच्या भुताची कादंबरी वाचणाऱ्याला दोन अनोळखी गोष्टी एकदम गिळाव्या लागतात, भूत आणि बोट. भुताची त्याला सवय असते. अडायचे तर तो बोटीपाशी अडेल, असे वरवर पाहता वाटते.

या कथेची सगळी ताकद तिच्या जागेत आहे. झपाटलेला वाडा कितीही भयंकर असला तरी त्याला दिंडीदरवाजा असतो, आणि वाचक मनातल्या मनात पात्राला बजावत राहतो, अरे, निघ तिथून. बोटीवर हा सल्ला कुचकामी ठरतो. चहूकडे पाणी, माणसे मोजकी, शिधा मोजका; त्यातला एकेक माणूस कमी होत गेला की उरलेल्यांवरचा संशय दाट होत जातो. रहस्यकथेतली आतून कडी लावलेली खोली आणि भयकथेतले पछाडलेले घर, दोन्ही एकाच लाकडी किंवा लोखंडी कवचात. त्यामुळे या कथेकडे दोन जातींचे वाचक येतात. एकाला गुन्हेगार शोधायचा असतो, दुसऱ्याला घाबरायचे असते. शेवटच्या प्रकरणापर्यंत दोघे गुण्यागोविंदाने चालतात, आणि तिथे त्यांचे बिनसते. त्या बिनसण्याचा विचार पुढे येईलच.

आधी बोटीच्या अनोळखीपणाचे पाहू. नाचणगावच्या वाचकाने कधी बोट पाहिली नसली तरी एक बोट त्याने लहानपणापासून ऐकलेली असते. सत्यनारायणाच्या पोथीतला साधुवाणी हा समुद्राचा व्यापारी. पाच अध्यायांच्या या कथेतला चौथा अध्याय जवळजवळ पूर्ण नावेवर आणि किनाऱ्यावर घडतो, आणि त्याची बांधणी कोणत्याही थरारकथाकाराने अभ्यासावी अशी आहे. दंडी संन्यासी विचारतो, नावेत काय आहे? वाणी थट्टेने म्हणतो, वेली आणि पाने. संन्यासी तथास्तु म्हणून निघून जातो. वाण्याला संशय येतो तो आत डोकावून नव्हे. नाव पाण्यातून वर उचललेली दिसते म्हणून. माल हलका झाला की नाव वर येते, एवढे साधे गणित. चमत्कार अजून दिसलेला नाही, फक्त त्याची खूण दिसली आहे. मग तो आत पाहतो आणि बेशुद्ध पडतो.

याच अध्यायात पुढे वाण्याची मुलगी कलावती प्रसाद टाकून नवऱ्याला पाहायला धावते आणि त्याची नाव त्याच्यासकट किनाऱ्याशीच दिसेनाशी होते. केळीचे खांब लावलेला चौरंग, गुरुजींचा सुरात चाललेला पाठ, स्वयंपाकघरात शिऱ्यासाठी भाजल्या जाणाऱ्या रव्याचा वास, आणि मागे बसून चुळबुळ करणारी मुले. ही मुले इतर अध्यायांत इकडेतिकडे पाहतात, पण नाव बुडाली की गप्प होतात. वाचकांवर किंवा श्रोत्यांवर कथेचा परिणाम किती टिकला हे मोजायचे झाले तर याहून चांगला पुरावा मिळणार नाही. आजही पूजेहून घाईने निघालेला माणूस उंबरठ्याशी थबकतो आणि चिमूटभर का होईना, प्रसाद तोंडात टाकतो. तो भाविक असतोच असे नाही. पण ती नाव बुडालेली त्याने ऐकलेली असते.

याहूनही जुनी बोट जातककथांत आहे. सुप्पारक जातकाच्या नायकाचे नाव आजच्या नालासोपाऱ्याच्या जुन्या नावाशी, शूर्पारकाशी, जुळते. कथेतले बंदर मात्र भरुकच्छ म्हणजे भडोच. खाऱ्या पाण्याने डोळे गेलेल्या या नावाड्याला सातशे व्यापारी आपल्या जहाजावर सुकाणूला बसवतात. वारा त्यांना ओळखीच्या पाण्याबाहेर नेतो. एक समुद्र आगीसारखा दिसतो, दुसरा दह्यासारखा पांढरा, तिसरा गवतासारखा हिरवा. दर वेळी व्यापारी घाबरून विचारतात, हा कोणता समुद्र? आणि न पाहणारा तो एकटाच सांगू शकतो. शेवटी पाणी चहूबाजूंना कड्यासारखे उभे राहते आणि त्या भयाच्या तोंडातून तो सत्यवचनाच्या बळावर जहाज परत फिरवतो. डोळस माणसे आंधळ्यावर विसंबलेली ही योजना, आणि पाण्याच्या नुसत्या रंगावरून वाढत जाणारी भीती, दोन हजार वर्षांत जुनी झालेली नाही.

या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. बोट परत येते. पोथीत तर ती का बुडाली तेही कळते. वाणी खोटे बोलला, कलावतीने प्रसाद टाकला. चूक सुधारली की नाव वर. मराठी वाचकाचा कान या हिशेबाला सरावलेला आहे. त्यामुळे आधुनिक भयकथा, जिच्यात निरपराध खलाशी कारणाशिवाय मरतात, ती मिटवताना त्याचा पहिला प्रश्न असतो: पण यांनी केलं काय होतं? समीक्षक याला भाबडेपणा म्हणतील. तो भाबडेपणा नाही. ती एक रसिकतेची रीत आहे, आणि लेखकाने ती झिडकारायची असेल तर जाणूनबुजून झिडकारावी. इंग्रज लेखक विल्यम होप हॉजसन याने १९०९च्या आपल्या 'द घोस्ट पायरेट्स' या कादंबरीत नेमके तेच केले. समुद्रातून सावल्या जहाजावर चढतात. त्यांना कुणाचा सूड घ्यायचा नसतो, जहाज नुसते त्यांच्या वाटेत येते. हॉजसनने स्वतः अनेक वर्षे व्यापारी जहाजांवर काम केले होते. शिडे कशी गुंडाळतात, रात्रीच्या पहाऱ्यावर कोण कुठे उभा राहतो, हे त्याला हाताने ठाऊक होते, आणि त्याच्या सावल्या खऱ्या वाटतात त्या या दोरखंडांमुळे. भुताच्या बाबतीत वाचक उदार असतो. दोरीची गाठ चुकली की मात्र तो पुस्तक खाली ठेवतो.

मराठी वाचकाची दुसरी हरकत जास्त मुळाशी जाणारी आहे: बोटीवर भूत आलेच कुठून? आपली भुते जमिनीला बांधलेली. मुंजा पिंपळावर, चकवा शिवारातल्या वाटेवर, खवीस ओसाड जागी, साती आसरा नदीच्या डोहात. पाण्यातला गिऱ्हा सुद्धा एखाद्या ठरावीक खाडीचा किंवा विहिरीचा. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला, आणि त्या पत्त्यावर गेले नाही की त्रास नाही, हा गावोगावचा अलिखित करार. बोट या कराराबाहेरची. ती आज इथे, उद्या तिथे. म्हणून बोटीवरचे भूत सहसा माल म्हणून चढते किंवा प्रवासी म्हणून. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'मध्ये (१८९७) ही अडचण सोडवण्याची युक्ती मराठी माणसाला लगेच पटणारी आहे. काउंट ड्रॅक्युलाला आपल्या भूमीबाहेर विसावता येत नाही, म्हणून तो पेट्यांत भरून ती मातीच बरोबर नेतो. व्हार्ना बंदरातून निघालेल्या 'डेमिटर'वर एकेक खलाशी नाहीसा होतो आणि जहाज इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्याला लागते तेव्हा सुकाणूला हात बांधलेला कप्तानाचा मृतदेह तेवढा उरलेला असतो. १८८५ मध्ये 'दिमित्री' नावाचे रशियन जहाज व्हिटबीला खरोखर किनाऱ्यावर येऊन आदळले होते; स्टोकरने तिथली हकिकत उचलली आणि आतली माणसे काढून घेतली.

खरे आणि रचलेले यांची ही सरमिसळ वाचकांच्या प्रतिक्रियांत फार गमतीचे गोंधळ घालते. सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण 'मेरी सेलेस्ट'चे. डिसेंबर १८७२ मध्ये हे शिडाचे जहाज अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान माणसांवाचून तरंगताना सापडले. कप्तान, त्याची बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी, दहाही जण बेपत्ता. मद्यार्काची पिंपे जागच्या जागी, एक होडी मात्र नाही. जानेवारी १८८४ मध्ये आर्थर कॉनन डॉइल या तेव्हा अप्रसिद्ध असलेल्या तरुण डॉक्टरने 'कॉर्नहिल' मासिकात एका बचावलेल्या प्रवाशाचे निवेदन म्हणून एक कथा लिहिली. लेखकाचे नाव छापले नव्हते. काही वाचकांनी ती खरी साक्ष मानली, कुणाला ती कादंबरीकार स्टीव्हन्सनची वाटली, आणि जिब्राल्टरमध्ये या प्रकरणाची चौकशी चालवणाऱ्या सरकारी वकिलाने ती धादांत खोटी म्हणून तिचा जाहीर निषेध केला. भुताच्या गोष्टीला याहून मोठी पावती नाही. डॉइलने जहाजाचे नाव बदलून 'मारी सेलेस्ट' केले होते आणि होड्या जागेवर असल्याचे लिहिले होते. आज जगभर पुष्कळांच्या तोंडी तेच नाव आणि त्याच होड्या आहेत. अर्धवट खाल्लेला नाश्ता आणि अजून गरम असलेला चहा हे तपशील तर त्याच्याही नंतर वाचकांनी आणि सांगणाऱ्यांनी आपल्या पदरचे घातलेले.

मुंबईला असे माणसांवाचूनचे जहाज शोधायला दूर जावे लागले नाही. २०११च्या जूनमध्ये कोलंबोहून अलंगला मोडीत काढण्यासाठी ओढत नेले जाणारे 'विस्डम' दोर तुटून जुहूच्या वाळूत रुतले. ते निघते न निघते तोच ३१ जुलैला 'पवित' आले. ओमानजवळ इंजिन बंद पडल्यावर या टँकरवरच्या खलाशांना ब्रिटिश युद्धनौकेने उतरवून घेतले होते. त्यानंतर महिनाभर ते एकटेच वाहत राहिले आणि कुणाच्याही लक्षात न येता मुंबईच्या दारात पोहोचले. लोकांनी चौपाटीवर गर्दी केली, भेळ खाल्ली, फोटो काढले. घाबरले कुणी नाही. संताप झाला तो किनाऱ्याच्या सुरक्षेवरून. २६/११च्या हल्ल्याला तीन वर्षेही झाली नव्हती. दिवसाउजेडी वाळूत रुतलेले रिकामे जहाज भीती घालत नाही. ती घालायला कथा लागते, आणि 'विस्डम'वरून सुचलेला 'भूत : द हाँटेड शिप' हा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२० मध्ये आला तेव्हा त्याचा पूर्वार्ध पुष्कळांना आवडला. उत्तरार्धात जहाजाची पूर्वकथा उलगडू लागली तशी भीती उतरत गेली, अशी तक्रार बऱ्याच परीक्षणांत होती. सुरुवातीला सोडून दिलेले दोन वाचकांचे भांडण ते हेच.

किनाऱ्यावरचा वाचक या भांडणात फारसा उतरत नाही. त्याच्याकडे खऱ्या बोटी आहेत. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा', विजेच्या दिव्यांमुळे लोक जिला 'वीजळी' म्हणत, सातशेहून अधिक माणसांसह सौराष्ट्राच्या किनाऱ्यापाशी नाहीशी झाली. मेल्यावर जी ओलांडावी लागते त्या वैतरणीशी तिच्या नावाचे साम्य कुणाच्या नजरेतून सुटणारे नव्हते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. आषाढ अमावास्येच्या आधीची धांदल, सुट्टीसाठी घरी निघालेले चाकरमानी, आणि महिन्याभरावर आलेले स्वातंत्र्य. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हे अजून नावानिशी आठवले जाते. अशा घरात बोटीवरच्या भुताची कादंबरी वाचली जात नाही असे नाही, पण तिथे वाचक भुताआधी हवामान पाहतो, बोटीत किती माणसे कोंबली ते पाहतो, तांडेलाने ऐकले का नाही ते पाहतो. बुडण्याचे कारण त्याला माहीत असते. त्याला अद्भुताची गरज वाटली तर ती मेलेल्यांना परत पाहण्यापुरती.

भूत हा निव्वळ आनंदाचा विषय होऊ शकतो तो आतल्या मुलखात. मराठीत या आनंदाची परंपरा मोठी आहे आणि ती प्रतिष्ठित समीक्षेच्या पाठीमागून चाललेली आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांच्या पुस्तकांवर पिढ्या वाचायला शिकल्या. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी ती वाट पुढे नेली. 'नवल', 'धनंजय' यांसारख्या अंकांनी दिवाळीच्या फराळाबरोबर भीतीही घरात आणली. पण अद्भुताच्या बाबतीत वाचकांचे खरे दोन तट पाडले ते नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी. धारपांचा नायक समर्थ येतो, अनिष्टाला नाव देतो, त्याची रीत समजावतो आणि बंदोबस्त करतो. मतकरींच्या 'खेकडा'सारख्या गूढकथेत बंदोबस्त करणारा कुणी येत नाही. भीती माणसाच्या आतूनच येते आणि शेवटच्या ओळीत वाचकाला एकट्याला टाकून जाते. पोथीतल्या वाण्याच्या हिशेबाने पाहिले तर धारप नाव परत आणतात आणि मतकरी आणत नाहीत. मराठी वाचकाला दोन्ही आवडले, यावरून चुकांचा हिशेब मागणारा वाचक हिशेब न मिळाल्यासही रमतो असे दिसते. फक्त त्याला फसवलेले चालत नाही. सहा प्रकरणे भूत दाखवून सातव्यात तो तस्करांचा डाव होता असे सांगणाऱ्या कादंबरीला क्षमा नाही.

ही क्षमा नाकारण्याची जागा म्हणजे वाचनालयाच्या पुस्तकाचा समास. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अ, ब, क, ड अशा वर्गांची अनुदानित वाचनालये गावोगाव उभी राहिली, आणि तिथल्या रहस्य-भयकथांच्या कपाटातली पुस्तके सर्वांत मळकी. खाकी कागदाचे कव्हर, पाठीवर शाईने लिहिलेला दाखल क्रमांक, आत तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी, आणि पानोपानी पेन्सिलीतली मते. 'नोकरावर लक्ष ठेवा.' 'इथून पुढे रात्री वाचू नये.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'मी वाचले. काही होत नाही.' त्याच्याही खाली, 'खोटे!' कधी कुणी सूडबुद्धीने पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवतो. कधी शेवटची चार पाने फाटलेली असतात, आणि पुढचे सहा महिने ते पुस्तक घेणारा प्रत्येक जण ग्रंथपालाला शेवट विचारतो. छापील परीक्षणांत या कथांना जागा मिळाली नाही. त्यांचे परीक्षण असे समासात साचत गेले. रद्दीत पुस्तक गेले की ते जाते, हे मराठी वाचनाच्या इतिहासाचे मोठेच नुकसान आहे.

समासात न येणारी एक प्रतिक्रिया उशिराने उमटली. धारपांच्या 'लुचाई'मागे स्टीफन किंगचे 'सेलम्स लॉट' आहे, 'शपथ'मागे 'इट' आहे, हे इंग्रजी वाचू लागलेल्या वाचकांना कळले तेव्हा काहींना फसगत वाटली. काहींनी उलट बाजू धरली: अमेरिकेतल्या गावाचे भय जो आपल्या आळीत इतके बेमालूम उतरवतो, त्याने काही केलेच नाही असे कसे म्हणावे? न्याय दुसऱ्या बाजूकडे झुकतो. पण मूळ लेखकाचे नाव ठसठशीतपणे सांगायला हवे होते, हेही खरे.

शरीराने दिलेली दाद वेगळीच. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. भयकथेच्या वाचकाला यातले निदान तीन सहज भेटतात. रोमांच म्हणजे अंगावर उभा राहणारा काटा. जाहिरातींनी 'रोमांचक' हा शब्द चोळामोळा करण्याआधी त्याचा अर्थ इतका नेमका होता. भारनियमनाच्या वर्षांत विदर्भातल्या खेड्यांत कंदिलाच्या किंवा मेणबत्तीच्या उजेडात भयकथा वाचणाऱ्याला स्तंभही ठाऊक झाला. वाऱ्याने दार वाजले की पान उलटायला हात पुढे होत नाही. बोटीवरच्या कथेत याला एक जोड मिळते. आवाज सगळे लाकडाचे आणि पाण्याचे, आणि जुन्या घराचे आढेही रात्री तसेच करकरते.

वाचणारा घाबरला की तो सांगणारा होतो, आणि इथे कथेचे दुसरे आयुष्य सुरू होते. राही अनिल बर्वे यांना नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची गोष्ट तोंडी सांगितली. त्या रात्रीच्या भीतीतून 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ मध्ये पडद्यावर आला. एवढे मोठे फळ क्वचितच येते. बहुतेक कथा पारावर, एसटीच्या थांब्यावर, कापूस वेचून परतताना सांगितल्या जातात आणि तिथेच विरतात. बोटीची गोष्ट आतल्या गावात सांगताना तिचे सामान गळत जाते. डेकची गच्ची होते, केबिनची खोली, वायरलेसचा फोन. जहाज केवढे हे सांगायला पुलगाव स्टेशनात उभ्या राहिलेल्या मालगाडीचे डबे मोजून दाखवावे लागतात. सांगणारा जरा वाचलेला असला तर तो सुकाणू म्हणजे काय, नांगर कसा टाकतात, हे समजावू लागतो. तेव्हा अंधारातून कुणीतरी म्हणते, "ते राहू दे ना गा. मंग त्या बंद खोलीत काय होतं, थे सांग."